धावदोऱ्यावर तरंगलेल्या टेलरबाई

टेलरबाईंच्या दुकानाची खिडकी थेट तरणतलावावर उघडते. दुकान पहिल्या मजल्यावर, मशीन खिडकीला लावलेलं. सुईत दोरा ओवताना मान वर केली की निळं पाणी दिसतं. दम लागला की भिंत कोण धरतं, उडी मारण्याआधी नाक चिमटीत कोण पकडतं, कोणाचा डावा पाय नुसताच लोंबतो, हे सगळं बाईंना पाठ आहे. गिऱ्हाईक ट्रायलला आलं की त्या तोंडात टाचण्या धरून त्याला खालच्यांच्या चुका समजावून सांगतात. टाचण्यांमुळे त्यातलं अर्धं कळत नाही. गिऱ्हाईक तरीही मान डोलावतं, कारण पुढची टाचणी त्याच्या कमरेशी असते.

स्वतः बाई मात्र घोट्याच्या वर कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या.

पोहायला शिकायचं असं त्यांनी ठरवलं तेव्हा मुलगा शाळेत होता. आता त्याचे केस कपाळावरून मागे सरकू लागले आहेत. मधल्या काळात बाईंना अडवून धरलं ते कॉस्च्यूमने. टेलर असून विकतचा घालायचा म्हणजे आचाऱ्याने शेजारून डबा मागवण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी गडद निळं, ताणलं जाणारं कापड आणून स्वतः शिवायला घेतला. तो झाला, आणि उत्तम झाला. पंचाईत तिथेच झाली. आता न जायला कारण उरलं नव्हतं. बाईंनी बराच विचार करून त्याचा डावा खांदा उसवला.

पुढे हे चालूच राहिलं. खांदा जमला की गळा मोठा वाटे, गळा जमला की पाठ. मग बाह्या आल्या. बाह्या कोपरापर्यंत पोचल्यावर पाय गुडघ्यापर्यंत आले. बाईंचे यजमान बस चालवतात आणि घरी फारसं बोलत नाहीत. एकदा त्यांनी तो हँगरवर पाहिला आणि एवढंच म्हणाले, की आणखी थोडा वाढवला तर थंडीतही घालता येईल. बाईंनी त्याच दिवशी बाह्या कापून टाकल्या.

खरं कारण त्यांनी फक्त नणंदेला सांगितलं. नणंदबाई दुकानातच असतात. काज-बटणं, इस्त्री आणि आलेल्या माणसाला गप्प करणं ही तीन कामं त्यांच्याकडे.

"माझं सगळं पायावर चालतं, वन्सं," टेलरबाई म्हणाल्या. "पाय उचलला की मशीन थांबतं."

"थांबतं," नणंदबाई म्हणाल्या. "बुडत नाही."

त्या दिवसापासून नणंदबाईंनी गिऱ्हाइकाचं सोंग घेतलं. सकाळी कुलूप उघडून आत येण्याऐवजी त्या काउंटरच्या बाहेर उभ्या राहत आणि आवाज चढवून विचारत, की आमच्या वहिनींचा कॉस्च्यूम कधी मिळणार, दर वेळी नुसतं उद्या-उद्या ऐकायचं का. टेलरबाईंनी आजवर कोणाचा रुमालसुद्धा उशिरा दिलेला नाही. हे त्यांना चांगलंच झोंबलं. सरावाला म्हणून त्या दुपारी कटिंगच्या टेबलावर पालथ्या पडून हात मारू लागल्या. एकदा एक गृहस्थ पँट न्यायला आले ते दारातूनच परत फिरले.

तरीही पाऊल खाली पडेना, तेव्हा नणंदबाईंनी परस्पर जाऊन तरणतलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंशी बोलणं केलं. या बाईंच्या तोंडात कायम शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. गुरुवारी दुपारी, बायकांच्या वेळेत यायचं ठरलं. परत येऊन नणंदबाईंनी दारावर पाटी लावली: 'गुरुवारी दुपारी दुकान बंद. टेलरबाई पोहायला गेल्या आहेत.' पाटी सोमवारीच लागली. त्यामुळे चार दिवस येणारा प्रत्येक माणूस बाईंकडे, त्या समोर बसलेल्या असूनही, जरा आदराने बघत होता.

आता मागे फिरणं अवघड होतं. बाईंनी कॉस्च्यूम पक्का शिवून, इस्त्री करून हँगरला लावला. मग बुधवारी त्याच कापडाचा आणखी एक कापला, कारण पहिल्याची कंबर त्यांना जरा बोलकी वाटली. या दुसऱ्याला नुसता धावदोरा घालून तो पहिल्याशेजारीच टांगला होता. धावदोरा म्हणजे ट्रायलपुरते घातलेले लांब-लांब कच्चे टाके. माणसाने अंगात घालून सरळ उभं राहायचं, श्वास बेताने घ्यायचा, आणि काढून ठेवायचं. इतपतच त्याची ताकद.

गुरुवारी दुपार झाली तरी बाईंचं निघायचं लक्षण दिसेना. बॉबिन भरायची राहिली, कात्रीला धार नाही, एका कोटवाल्याची ट्रायल आहे. शेवटी नणंदबाईंनी हँगरवरचं हाताला लागलं ते निळं ओढलं, टॉवेलसकट पिशवीत कोंबलं आणि वहिनीला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. कपडे बदलायच्या खोलीत बाईंनी आधी चष्मा काढून ठेवला आणि मग कपडे. चष्म्याशिवाय त्यांना पांढरा धावदोरा काय, पांढरी भिंतही नीट दिसत नाही.

शिडीवरून उतरताना त्यांनी शिट्टीबाईंना बजावून ठेवलं, की पाच मिनिटांत निघायचं आहे, वर कोटवाला येईल. पाणी छातीपर्यंत आलं. दोन्ही हात दांडीला चिकटलेले. शिट्टीबाई म्हणाल्या, एक हात सोडा. बाईंनी कोटाचं पुन्हा सांगितलं. शिट्टीबाई म्हणाल्या, बरं, एक बोट सोडा.

बोट सोडण्यासाठी बाईंनी खांदा हलवला, आणि काखेत टक्‌ झालं.

तो आवाज बाईंना झोपेतही ओळखू आला असता. कापड ताणलं जातं, धावदोरा ताणला जात नाही, तो तुटतो. नेमकं त्याच वेळी वर दुकानात नणंदबाई इस्त्रीचे शर्ट लावायला गेल्या आणि त्यांना हँगरवर पक्का कॉस्च्यूम दिसला. त्या खिडकीत आल्या.

"वहिनी," सबंध तलावाला ऐकू गेलं, "पाण्याबाहेर येऊ नकोस. तो कच्चा आहे. मी सुई घेऊन येते."

तलावातल्या बायका थांबून वर बघू लागल्या. शिट्टीबाईंनी तोंडातली शिट्टी काढली. "काय झालं?"

"शिलाई गेली," बाई म्हणाल्या. "काखेतली. आता कमरेची जाईल. मग काही उरत नाही."

"बुडायची भीती वाटतेय का?"

"नाही हो. उभं राहायची."

टेलरबाईंचं डोकं मात्र आता दुकानात बसल्यासारखं चालायला लागलं. ताण नाही तिथे टाका तुटत नाही. उभं राहिलं तर खांद्यावर ओढ, वाकलं तर पाठीवर, शिडी चढली तर सगळीकडेच. त्यांनी शिट्टीबाईंना विचारलं, की कुठेही ओढ बसणार नाही असं राहता येतं का. शिट्टीबाई म्हणाल्या, येतं की, उताणं पडायचं. आणि पाठीखाली हात धरला.

इतकी वर्षं अडलेलं काम एका टाक्याच्या हिशेबाने झालं. कान पाण्यात गेले, गलका बंद झाला, वर नुसतं आभाळ. पुढे दोन पाय वर आलेले दिसले; ते आपलेच आहेत हे समजायला बाईंना क्षणभर वेळ लागला. समजल्यावर त्यांना हसू आलं. हसल्यावर पोट हललं, पोट हललं तशी कमरेत टक्‌ झालं, त्यावर आणखी हसू आलं. आसपासच्या बायकांनी त्यांच्याभोवती आडोसा केला होता, त्याही खिदळायला लागल्या. पाठीखालचा हात कधीच निघून गेला होता. हे बाईंना कोणी सांगितलं नाही.

नणंदबाईंना यायला वेळ लागला. डोक्यावर टोपी नसेल तर आत सोडत नाहीत, असं म्हणून दारावरच्या माणसाने त्यांना परत पाठवलं होतं. त्या आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर कॉस्च्यूमची कापलेली निळी बाही होती, एका टोकाला गाठ मारून. छातीशी दोरा ओवलेली सुई टोचलेली. काठावर गुडघे टेकून त्या म्हणाल्या, "ये इकडे. आधी काखेतलं घेते."

टेलरबाई समोरून उताण्याच सरकत चालल्या होत्या. दिशा त्यांच्या हातात नव्हती.

"थांबा जरा, वन्सं," त्या म्हणाल्या. "ट्रायल चालू आहे."

नणंदबाईंनी सुई पुन्हा छातीशी टोचली, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडून बसल्या. वर जिन्यात कोटवाला पाटी वाचत उभा होता.