सरूबाईची बाजू

अमेरिकेत आयोवा नावाचं एक राज्य आहे. मक्याची शेतं, डुकरं आणि हाडं गोठवणारी थंडी. तिथल्या एका पक्षाची माणसं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की शाळेच्या हॉलमध्ये जमायची आणि आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा ते स्वतःच ठरवायची. चिठ्ठी नाही, मशीन नाही. जो पसंत असेल त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. हे सरूबाईला कधी कळलंच नसतं तर तिचं काहीएक अडलं नसतं. पण ओंकारशेठ तिकडे शिकायला गेला, ते बघून भारावला आणि परत येताना ते मावळात घेऊन आला.

ओंकारचे वडील पक्षाचे तालुकाध्यक्ष. तालुक्यात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे, फक्त एका गावात हलायचं. इंदुरीच्या पुढे, नदीकाठच्या सरूबाईच्या गावात. तिथे दत्तोबांचा गट होता. दत्तोबाही त्याच पक्षाचे, पण त्यांचं आणि तालुकाध्यक्षांचं कुठल्याशा जुन्या बाजार समितीच्या निवडणुकीपासून फाटलेलं. सभेत एकमेकांना हार घालायचे आणि खाली उतरल्यावर एकमेकांचं नाव घ्यायचे नाहीत. आपल्याकडे पक्ष एक असतो तो व्यासपीठापुरताच.

पंचायत समितीची निवडणूक आली आणि या भागाचा गण, म्हणजे समितीचा मतदारसंघ, सर्वसाधारण महिलांसाठी राखीव झाला. ओंकारच्या घरात उमेदवार तयारच होती, त्याची वहिनी सारिका. तिकीट सरळ घरात घेतलं असतं तर लोक बोलले असते, म्हणून ओंकारनं अमेरिका काढली. "आपल्याकडे उमेदवार वरून लादतात. आपण कार्यकर्त्यांना ठरवू देऊ," असं तो पत्रकारांना बोलावून म्हणाला. त्याचा हिशेब साधा होता. लोकशाही झाली असं छापून यावं आणि तिकीटही घरातच राहावं.

सरूबाई त्या गावची पक्षाची महिलाप्रमुख होती. हे पद म्हणजे काय, तर सगळ्यांची कामं करायची आणि फोटोत कडेला उभं राहायचं. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा घोरावाडी स्टेशनाच्या बाजूला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता, तो लवकर गेला. मुलगा आकाश तळेगावच्या कारखान्यात लागला. मागे कुणी नसताना ही बाई वडगावच्या कचेरीत खेटे घालून रेशनकार्डं काढून आणायची, विधवांच्या पेन्शनी मार्गी लावायची. वस्तीच्या आणि गावठाणाच्याही. गावठाणातल्या झुंबरबाईची पेन्शन तिनंच आणली होती. झुंबरबाई म्हणजे दत्तोबांची चुलत भावजय. तरणेपणी दोघी एकाच खाचरात भातलावणीला वाकलेल्या, एकमेकींना 'सरे' आणि 'झुंबर' म्हणणाऱ्या.

एक दिवस दत्तोबा स्वतः ओढा ओलांडून वस्तीत आले. सरूबाईच्या ओट्यावर बसले.

"सरूबाई, तू उभी ऱ्हा."

"आबा, चेष्टा करताय का? सीट ओपन हाय. माझ्या माघं कोन येनार?"

"सीट ओपन हाय म्हंजी समद्यांची हाय. पेन्शनी तू आनल्यास, दवाखान्यात पोरी तू नेल्यास. सारिकाला गावातल्या बायांची नावं तरी ठावं हायेत का? आख्खं गाव तुझ्या बाजूला उभं करतो. माझा शबुद."

सरूबाईला पंचायत समितीचं वेड नव्हतं, हे आधी सांगायला हवं. तिच्या मनात वेगळंच होतं. ती आयुष्यभर या गावाचं करत आली होती आणि गावाला ती लागत होती. पण काम झालं की ओढ्यापलीकडची. गावानं एकदा तरी आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच तिची भूक होती. दत्तोबांनी नेमका त्याच भुकेवर हात ठेवला.

आकाश कामावरून आला आणि ऐकून चपापला. "आई, आबांना तुझा एवढा पुळका कधीपासून आला?"

"तुला माणसांत खोटच दिसती," ती कडाडली.

मग ती गावठाणात घरोघर फिरली. आजवर तिचं बोलणं पडवीतच व्हायचं. आता आत बोलावून खुर्ची पुढे केली जाऊ लागली. "व्हय व्हय, तुमीच पायजे मावशी," म्हणत बाया तबक घेऊन तिला ओवाळायच्याच बाकी होत्या. ती रोज घरी येताना थोडी ताठ चालायला लागली, आणि हे आकाशलाही दिसत होतं.

सोमाटण्याच्या एका मंगल कार्यालयात कार्यकर्ते जमले. ओंकारनं माइकवर नियम सांगितले. सारिकावहिनींना पसंत करणाऱ्यांनी स्टेजच्या बाजूला उभं राहायचं, सरूमावशींना करणाऱ्यांनी जेवणाच्या हॉलच्या बाजूला. वरमाला घालायला सोडल्यासारखी सगळी माणसं एकदम उठली. आधी वस्ती तिच्याकडे आली. त्यात नवल नव्हतं. मग दत्तोबा उठले, आणि त्यांच्यामागे गावठाण. पागोटेवाले म्हातारे, भावकीतली पोरं, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. गर्दी वाढली तशी माणसं तिला खेटून उभी राहिली. झुंबरबाईनं तर तिच्या खांद्याला खांदा लावून तिचा हात घट्ट धरला. कोण कुणाच्या अंगाला अंग लावतंय याचा विचार त्या घटकेला कुणाच्याच मनात नव्हता, असं सरूबाईला वाटलं. तिला हुंदका आवरेना. वेडी बाई, त्या अर्ध्या तासात तिनं सगळ्या गावाला सगळं माफ करून टाकलं.

स्टेजकडची बाजू विरळ राहिली; तिकीट घरातच आहे या भरवशावर ओंकारनं बाकीच्या गावांतून माणसं आणायची तसदीच घेतली नव्हती. ओंकारचं तोंड पडलं, पण कॅमेरे चालू होते. सारिकानं कोरड्या हातानं सरूबाईला पेढा भरवला आणि पक्षाचं चिन्ह ओढ्यापलीकडे गेलं.

खरा प्रचार सुरू झाला आणि हवाच बदलली. तालुकाध्यक्षांच्या घरची माणसं फिरकली नाहीत. त्यांचा राग उघड तरी होता. पण दत्तोबांचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. समोरच्या पक्षाची उमेदवार होती दत्तोबांची सख्खी भाची, शेजारच्या गावात दिलेली. आकाशनं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा सरूबाई म्हणाली, "नातं नात्याच्या जागी, पक्ष पक्षाच्या जागी. समदं गाव माझ्या बाजूला उभं व्हतं, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय." डोळ्यांनी बघितलेलंच खोटं निघतं तेव्हा माणसानं कुणाकडे बघावं?

मतदानाला ती आणि झुंबरबाई एकाच रांगेत होत्या. झुंबरबाईनं जाताना तिच्या पाठीवर हात फिरवला.

निकालात दत्तोबांची भाची दणक्यात निवडून आली. हरण्याचं दुःख सरूबाईला सोसलं असतं. पण गावातल्या बूथचा आकडा बाहेर आला, आणि त्यातून वस्तीची मतं बाजूला काढली तर गावठाणाची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा उरेनात. सोमाटण्याच्या हॉलमध्ये तिला खेटून उभी राहिलेली माणसं त्याच्या कितीतरी पट होती. त्या संध्याकाळी दत्तोबांच्या दारात गुलाल उडाला आणि आबांचे गुडघे एकदम बरे झाले. भाची आली होती आणि त्याहून गोड म्हणजे, तालुकाध्यक्षांची सून हॉलमध्येच पडली होती.

सरूबाईनं घराबाहेर पडणं सोडलं. ती कुणाला शिव्या देईना की रडेना. वस्तीतल्या बाया बसून जायच्या, ती मुकाट तांदूळ निवडत राहायची. त्या मूठभर मतांत एक मत कुणाचं आहे, ते मात्र तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. त्याच्यावरच ती तग धरून होती.

काही दिवसांनी झुंबरबाई आली. ओट्यावर टेकली.

"सरे, किती दिस अशी तोंड फिरवून बसशील?"

"तुझ्याकडनं न्हाई फिरवलं," सरूबाई म्हणाली. "गावठाणातनं पडलेल्या मतांत एक तुझं हाय. तेवढं मला पुरं हाय बघ."

झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सरूबाईच्या हातातलं सूप थांबलं. "झुंबर?"

"घरात ठरलंवतं गं," झुंबरबाई खालमानेनं म्हणाली. "आबा म्हनले, हॉलमधी समद्यांनी सरूच्या बाजूला जायाचं, अध्यक्षाची सून पाडायची. मशीनपशी मंग आपल्या पोरीला द्यायचं. मी त्यांच्या वाड्याला ऱ्हाती, त्यांच्याच जिवावर माझ्या पोराचा संसार हाय. मी कशी मोडू?"

"मशीनच्या आडोशाला आबा न्हवते."

"न्हवते."

"तू एकलीच व्हतीस."

"व्हय."

"हॉलमधी समदी बघत व्हती तवा माझा हात धरून उभी ऱ्हायलीस," सरूबाई म्हणाली. "आन कुनीसुदिक बघत न्हवतं, तवा मला सोडलंस."

झुंबरबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. सरूबाईनं तिला रडू दिलं. पुढे झाली नाही, गप्प केलं नाही. झुंबरबाई उठून ओढ्याकडे चालू लागली, तेव्हा एरवी पलीकडच्या काठापर्यंत बरोबर जाणारी सरूबाई ओट्यावरून उठलीसुद्धा नाही.