औषधाविना ठेवलेला हौद

लष्कर नावाच्या संस्थानी शहरात, दौलतगंजच्या आमच्या गल्लीत एक सार्वजनिक न्हाणीघर होतं. आत दोन हौद, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. दोन्हींत रोज ब्लीचिंग पावडर टाकायची आणि महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना तपासायला द्यायचा, ही माझी नोकरी. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं. वरचे साहेब बदलत राहिले, पावडरचा डबा मात्र माझ्याच हातात राहिला. मला त्याचा भारी तोरा होता.

मग मध्यभारतही गेलं. नव्या राज्याची राजधानी भोपाळला झाली आणि नमुने तपासायची खोलीही तिकडे हलली. पूर्वी सकाळी बाटली दिली की दोन-तीन दिवसांत उत्तर मिळे. आता बाटली रेल्वेने जायची आणि कागद कधी परत येईल ते देवालाच ठाऊक.

त्यानंतरच्या कार्तिकात आई म्हणाली, "अरे, महिनाभर बायकांच्या हौदात ती दवाई टाकू नकोस ना. कार्तिकस्नान आहे आमचं. पाण्याला बास येते, आचमन कसं करायचं?"

गल्लीतल्या आमच्या मराठी बायका पहाटे हौदाकाठी अंघोळ करायच्या आणि तेच पाणी तळहातावर घेऊन तीनदा प्यायच्या. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी हो म्हणालो. आईला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही, आणि खरं सांगायचं तर बायकांनी केलेलं कौतुकही गोड लागलं. नमुना तेवढा भोपाळला पाठवला आणि हात झटकले.

कार्तिक सरता सरता आईला ताप भरला. विषमज्वर. आणखी दोघी पडल्या होत्या, त्या उठल्या. आई तिसऱ्या आठवड्यात गेली. तेरावं झाल्यावर भोपाळचा कागद आला: बायकांच्या हौदाचं पाणी दूषित, वापरू नये. मी तो वाचला आणि चुलीत टाकला. कुणाला काही सांगितलं नाही.

आज इतकी वर्षं झाली. हरिशंकरपुरमला मुलाच्या घरी नळ सोडला तरी मी आधी पाण्याचा वास घेतो. सून हसते. मला मात्र आई ओल्या फरशीवर बसलेली दिसते, तळहात पुढे केलेला. मला तिची भीती वाटते. स्वतःच्या आईची.

आई गेली त्याच्या पुढच्या कार्तिकाआधी मी तो हौद उपसला, घासून काढला आणि नेहमीसारखी पावडर टाकली. पहिल्याच पहाटे बायका नाकाला पदर लावून बाहेर आल्या. पुढे शेजारच्या काकू, आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण.

"गेल्या साली तर सोडलं होतंस. तुझ्या आईच्या नावाने तरी हा एक महिना सोड."

"नाही सोडणार, काकू."

"का रे?"

काय सांगणार? तिने मागितलं आणि मी दिलं, हे? मी पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट लावत राहिलो. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भित्रेपणा मोठा होता.

काकूंनी आपला कोरडा लोटा काखेत घेतला. "आई असती, तर टाकली असतीस का दवाई?"

"नसती टाकली," मी म्हणालो.