फाट्यापर्यंत

दिवेलागणीला अप्पा उठायचे, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवायचे, काठी घ्यायचे आणि दाराशी उभे राहून म्हणायचे, "चल अक्का, घरी जाऊ. लई येळ झाला."

अक्का म्हणजे मी, त्यांची थोरली लेक. कलबुर्गीला हायस्कूलात शास्त्र शिकवते. आई गेल्यावर अप्पांची स्मरणशक्ती हळूहळू विरत गेली आणि मी त्यांना आमच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून ही संध्याकाळ रोजची. सुरुवातीला मी समजावून सांगायची, अप्पा, हेच आपलं घर. ते ट्यूबलाइटकडं बघायचे, भिंतीकडं बघायचे आणि उलट मलाच समजवायचे, "ह्ये लोकाचं घर हाय, माय. लोकाच्या घरी किती ऱ्हायाचं?" मग मी चिडायची. चिडले की रडू यायचं. मग त्यांचा हात धरून कॉलनीला एक चक्कर मारून आणायची आणि म्हणायची, आलो बघा घरी. कधी पटायचं, कधी रात्रीच्या जेवणापर्यंत ते चपला घालूनच बसायचे.

आणि घर कुठलं? निर्ण्याचं, आमच्या गावचं. ते आता नाही. माळवदाचं होतं ते. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर काड्यांचं किलच आणि वर मातीचा थर. वाटणीत ते चुलतभावांकडं गेलं. त्यांनी पाडलं, स्लॅब टाकला, खाली खताचं दुकान काढलं. त्यांचा हिस्सा, त्यांची मर्जी, मी बोलणारी कोण? एकदा अप्पांना गाडीत घालून तिथं नेलं. दुकानात गल्ल्यावर त्यांचा सख्खा पुतण्या बसला होता. त्यालाच अप्पांनी विचारलं, "हितं आमचं घर होतं की वो. कुणीकडं गेलं?" पुतण्या खाली मान घालून पोत्यावरची धूळ झटकायला लागला. परत येताना हुमनाबादला चहाला थांबलो, तर अप्पा हळूच म्हणाले, "अक्का, रस्ता चुकलो आपुन." त्यानंतर मी निर्ण्याचं नाव काढलं नाही. घरी जाऊ म्हणणाऱ्या माणसाला न्यायला माझ्याकडं घरच नव्हतं.

अशात माझ्या लेकानं बंगळूरहून फोन केला. त्याच्या कंपनीनं त्याला कुठल्याशा महागड्या हॉटेलात राहण्याचं बक्षीस दिलं होतं, आणि याला सुट्टी नाही. "आई, तू आणि बाबा जाऊन या. किती दिवस झाले तू उंबऱ्याबाहेर पडली नाहीस." मी म्हटलं, आणि अप्पांना काय कडी लावून ठेवू? पुण्याच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, आमच्याकडं लिफ्टचा प्रॉब्लेम हाय." लिफ्टचा प्रॉब्लेम म्हणे. बापाला सांभाळायची वेळ आली की लोकांच्या लिफ्टा बरोबर बंद पडतात. मी फोन ठेवला आणि मिस्टरांना सांगितलं, तिघं जायचं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की नवी जागा अप्पांना मानवायची नाही, जास्तच गोंधळतील. मी त्यांची औषधं, त्यांची घोंगडी, कडक भाकरी, शेंगाची चटणी असं सगळं भरलं आणि जीव मुठीत धरून गाडीत बसले. हॉटेल खाली दक्षिणेला होतं, तिबेटी लोकांच्या वसाहतीजवळ. आमच्याकडं तिबेटी म्हणजे थंडीत कलबुर्गीला स्वेटरची दुकानं मांडणारे. त्यांची घरं कशी असतात ते मला काय माहीत?

हॉटेलची गाडी वळणावरून आत शिरली आणि मिस्टर माहितीपत्रक वाचून दाखवायला लागले, "पारंपरिक तिबेटी वास्तुशैलीतलं आलिशान..." मी म्हटलं, गप बसा हो जरा. समोर पांढऱ्याधोप भिंती होत्या, बुडाला रुंद, वर जाता जाता आत झुकलेल्या. खिडक्यांना काळ्या रंगाचे जाड पट्टे. छप्पर सपाट, कडेला कठडा. दोरीला लावलेली रंगीत फडकी सोडली, तर मी हे सगळं लहानपणापासून निर्ण्याला पाहिलेलं होतं.

दार बुटकं होतं आणि उंबरा उंच. मिस्टरांचं डोकं थाडकन वरच्या चौकटीला आपटलं. अप्पा मात्र कुणी न सांगता वाकले, चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले. खोलीत लाकडी खांब, वर तुळया, तुळयांवर बारीक काड्या बसवलेल्या, भिंतीत कोनाडे. अप्पांनी काठी दाराआडच्या कोपऱ्यात उभी केली. टोपी खुंटीला अडकवली. वर बघितलं. छताच्या मधोमध काच बसवलेली एक चौकोनी मोकळी जागा होती. माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी असंच भोक ठेवतात, सवणं म्हणतात त्याला.

"सवणं उघडंच ठेवलंय कामून?" एवढंच म्हणाले आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

संध्याकाळ झाली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. बाहेर दिवे लागले. आता उठतील, आता टोपी घेतील. अप्पा उठले, कोनाड्यासमोर हात जोडले आणि मला म्हणाले, "जेवायला काय केलीस?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. आनंदानं रडले की भीतीनं, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, भीतीच जास्त होती.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा घरधनी झाले. पुढच्या दालनात बसायचे आणि येईल त्या पाव्हण्याला कन्नडमध्ये विचारायचे, "ऊटा आयता?" दिल्लीकडच्या एका बाईंना काही कळेना, पण जेवलात का असं विचारतायत हे त्यांच्या हातावरून कळलं असावं. त्यांनी मान डोलावली. अप्पा म्हणाले, "मग च्या तर घ्या." तिथली मॅनेजर मधल्या वयाची तिबेटी बाई होती, जन्म इकडचाच, कन्नड आमच्यापेक्षा स्वच्छ. अप्पांनी तिला शेजारच्या घरची सून ठरवून टाकलं आणि सासूचं दुखणं कसं आहे म्हणून रोज चौकशी चालवली. तीही रोज सांगायची, बरं आहे अजून. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. किती दिवसांनी अप्पा कुणाला तरी काहीतरी देत होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस आला. माझा डोळा लागला होता. जाग आली तर अप्पा जागेवर नाहीत. मिस्टर म्हणाले, दालनात असतील. दालनात नव्हते. तिथल्या टेबलावर तांब्याची मोठी परात असायची, पाण्यात फुलं सोडलेली. ती परातही नव्हती, आणि फुलं सगळी फरशीवर. मी जिन्याकडं धावले. मिस्टर मागून ओरडत होते, अगं चप्पल तरी घाल.

अप्पा गच्चीवर होते. धोतर भिजून पायांना चिकटलेलं, चष्म्यावर पाणी, आणि ती परात त्यांनी आमच्या खोलीच्या काचेवर उपडी घातली होती. वाऱ्यानं ती सरकत होती आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरत होते. कठडा गुडघ्याएवढाच. हाक मारावी तर दचकतील, पळत जावं तर फरशी बुळबुळीत.

त्यांनीच मला बघितलं आणि रागावले. "पाऊस आला तर सवणं झाकायचं कळत न्हाई व्हय? एवढी शाळा शिकून काय केलीस? आत तुझी माय चुलीपाशी बसलीय, सगळं पाणी तिच्या अंगावर."

मी जाऊन परातीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? आई आता कुठल्याच चुलीपाशी नाही, हे मी त्यांना सांगू शकत नव्हते. आम्ही दोघं पावसात ती परात धरून बसलो. मग मॅनेजरबाई छत्री घेऊन आली, कुंडीतला दगड उचलून तिनं परातीवर ठेवला आणि म्हणाली, "अप्पाजी, आता नाही हलणार. खाली चला." अप्पांनी दगड हलवून बघितला, मग उठले.

अप्पांना कोरडं करून झोपवल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या. माझ्या सासऱ्यांना मी हे हॉटेल दाखवायला आणलं होतं. लहान असताना ते तिबेटातल्या घरात राहिलेले. सगळं फिरून बघितलं आणि म्हणाले, याला वासच नाही. परत आले नाहीत." मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. खरं घर आणि नकली घर वेगळं करण्याएवढी शुद्ध त्याच्याकडं होती, आणि तरी तोही आपल्या घरी जाऊ शकला नव्हता.

त्या संध्याकाळी मी मिस्टरांना म्हटलं, अहो, इथंच राहिलो तर? ते म्हणाले, "अगं, हे काय आपल्या ऐपतीतलं आहे?" मग आपणहून म्हणाले, "आपल्या मागच्या खोलीला लाकडी खांब लावून बघू." तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, लाकडी खांब. बिचारे मनापासून म्हणाले. मी हसले, त्यांनाही हसू आलं.

निघायचा दिवस उजाडला. मी बॅगा भरत होते आणि अप्पा खांबाला टेकून बघत होते. मला धास्ती, आता विचारतील कुठं चाललोय. त्यांनी विचारलं, "निघालीस व्हय, अक्का?"

मी थांबले. त्यांच्या लेखी मी माहेरी आले होते आणि आता सासरी परत निघाले होते.

"ऱ्हायली असतीस अजून चार दिवस. पर पाव्हण्यास्नी काम असंल." मिस्टरांकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, लेकीला जपा. तोंडाची फटकळ हाय, मनानं न्हाई." मिस्टर बूट घालायला खाली बसले ते बराच वेळ वर झालेच नाहीत.

अप्पा दालनात गेले. तिथं कोरीव लाकडी पेटीत धान्य भरून ठेवलेलं असायचं, तिबेटी लोकांत शुभ म्हणून ठेवतात ते. अप्पांनी त्यात ओंजळ घातली. टेबलावरच्या टोपलीतलं एक सफरचंद उचललं. मॅनेजरबाई काउंटरमागून बघत होती. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पदर पसर." मी ड्रेसवर होते, ओढणी पसरली. त्यांनी धान्य ओतलं, वर सफरचंद ठेवलं. "तुझी माय असती तर तिनं भरली असती वटी. मला काय बायांचं येतंय? जा, सुखानं ऱ्हा." काल आई चुलीपाशी होती, आज नव्हती. मी ओढणीला गाठ मारली आणि त्यांच्या पाया पडले.

पाया पडून उठले आणि कळलं, आता हे काही आमच्याबरोबर यायचे नाहीत. दारात गाडी उभी. अप्पा उंबऱ्याच्या आत, हात वर करून. मिस्टर म्हणाले, "अप्पा, चला ना गाडीत." ते हसले. "मी कुठं यिऊ? घर कुणी बघायचं?" मिस्टरांनी हात धरला तर अप्पांनी तो सोडवून घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती आली. ओढून नेलं असतं तर आले असते. अंगात जोर तो किती. पण आपल्याच दारातून बापाला ओढून काढायचं?

तेव्हा मला फाटा आठवला. निर्ण्याचा रस्ता मोठ्या सडकेला मिळतो तो फाटा. लग्नानंतर मी जितक्या वेळा माहेरहून निघाले, तितक्या वेळा अप्पा माझी पिशवी खांद्यावर टाकून तिथपर्यंत चालत आले. बस हलल्याशिवाय माघारी फिरले नाहीत. घरातून लेकीला निरोप देणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अप्पा," मी म्हटलं, "फाट्यापर्यंत न्हाई का येणार घालवायला?"

ते लगेच पुढं आले. "व्हय की. इसरलोच."

वाकून दारातून बाहेर पडले, चपला घातल्या. मी म्हटलं, काठी, टोपी? "ऱ्हाऊ दे तितंच. आत्ता माघारी यायलोय." माझ्या शेजारी बसले, माझी पर्स मांडीवर घेतली. मिस्टर परत आत जाऊन काठी, टोपी आणि घोंगडी घेऊन आले आणि अप्पांना दिसणार नाही अशी डिकीत ठेवली. गाडी निघाली. मॅनेजरबाईनं हात केला, तर अप्पा खिडकीतून तिला म्हणाले, "दाराकडं ध्यान ठेव, आलोच मी."

वसाहत मागं पडली. मक्याची शेतं गेली, एक गाव गेलं, टोलनाका गेला.

"आला का फाटा?"

"येतोय, अप्पा."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी पुन्हा तेच. मिस्टर पुढच्या सीटवर, मागं वळून बघत नव्हते. समोर आभाळ भरून आलं आणि काचेवर पहिले थेंब पडले, तसे अप्पा चुळबुळ करायला लागले. माझी पर्स त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि दाराची कडी चाचपली.

"अक्का, हितंच उतरीव मला. फाटा ऱ्हाऊ दे. सवणं उघडंच ऱ्हायलंय."

मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातात ओढणीची गाठ होती. "आलाच, अप्पा," मी म्हटलं, "फाटा आलाच आता."