अंगठ्याचा दोरा

हैदराबादेत मी ज्या बाईंकडे राहते, त्या निवृत्त शिक्षिका. घर मराठी, पण तीन पिढ्या तिथंच गेलेल्या. मी घरकामाला लागले तेव्हा आठवीत सुटलेल्या शाळेबरोबर माझं अक्षरही गेलं होतं. बाईंनी रोज संध्याकाळी वही पुढ्यात ठेवून ते परत आणलं. एवढे उपकार असले की माणूस भीतभीतच वागतो. आपल्या हातून काही चुकेल, बाईंच्या मनातून आपण उतरू, ही धास्ती मला कायम.

बाईंच्या वडिलांनी जुनी पोस्टकार्डं जमवली होती. यंदा वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक कार्डाखाली एक ओळ लावायची. बाई सांगणार, मी लिहिणार. एका कार्डावर चारमिनारजवळची फूलवाली होती. रस्त्याच्या कडेला बसलेली, पुढ्यात टोपली, एक पाय लांब केलेला, आणि त्या पायाच्या अंगठ्याला पांढरं काहीतरी गुंडाळलेलं.

"अगं, लागलंय बिचारीला," बाई भिंगातून बघत म्हणाल्या. "चिंधी बांधलीय बघ. लिही, जखमी पायाने फुलं विकणारी स्त्री."

ती चिंधी नव्हती. हार गुंफताना दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात. दोरा ताठ राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. माझी आई आमच्या गावी, नरसीला, देवळाच्या वाटेवर तशीच बसायची. मला पहिल्या नजरेत कळलं होतं. तरी मी लिहिलं, 'जखमी पायाने'. वळणदार अक्षरात.

सांगितलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, तुला कसं गं माहीत? आणि मी तर पहिल्याच दिवशी सांगून बसले होते, नरसीला आमचं दुकान हाय. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं एक पोतं.

ही थाप जुनी. मी हिंगोलीला मावशीकडे राहून शिकत होते, तेव्हा वर्गातल्या पोरींनाही हीच मारली होती. सातवीत शाळेची सहल नेमकी नरसीला निघाली. आई नेहमीच्या जागी बसलेली. मला बघून तिचा चेहरा फुलला, हात अर्धा वर आला. माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "शी! पायाला लावून करून राहिली. अन् हे देवाला घालायचं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढं झाले आणि आईला विचारलं, "मावशी, हार केवढ्याला?"

आईचा हात खाली आला. ती म्हणाली, "दहाला, बाई. ताजा हाय." मी दहा रुपये दिले, तिनं ते घेतले. हार देताना तिनं लांब केलेला पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

घरी त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या सुट्टीत गेले तर तिच्या पुढ्यात एक फळी होती आणि फळीला खिळा ठोकलेला. दोरा खिळ्याला. फळी सरकायची, दोरा ढिला पडायचा, हार सैल यायचा. येणारीजाणारी म्हणायची, "काहून गं, हात बिघडला का तुझा?" ती नुसती हसायची.

परवा चार दिवसांसाठी घरी आले. मोबाईलमध्ये त्या कार्डाचा फोटो होता. आईच्या पोत्यावर बसून तिला दाखवला. तिनं ओल्या हातानं फोन धरला.

"हिचा दोरा बघ कसा बराबर ताणलाय," ती म्हणाली. "कवाची हाय ही?"

"लई जुनी. तिच्या फोटोखाली मी लिवलंय, पायाला जखम हाय म्हणून."

"जखम?" आई खदखदून हसली. "काहून? तुला दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं."

तिचं हसू थांबलं. फोन माझ्या हातात देऊन तिनं फळी जवळ ओढली. तिथंच मी बाईंना फोन लावला.

"बाई, त्या फूलवालीला जखम नाही. ती हार गुंफतेय. अंगठ्याला दोरा हाय."

"अस्सं? अगं, प्रदर्शन रविवारपर्यंत आहे, उद्याच बदलते. पण तुला कसं कळलं?"

"माझी आई तशीच करायची. आमचं दुकान नाही, बाई. ती रस्त्यावर फुलं विकते."

बाई म्हणाल्या, "बरं. आल्यावर बोलू." त्या रागावल्या की नाही, मला अजून कळलेलं नाही.

मी खिळ्याचा दोरा सोडवला आणि आईपुढे धरला. तिनं मान हलवली. "ऱ्हाऊ दे. आता खिळ्याचीच सवय झाली."

मग मी चप्पल काढली आणि दोरा माझ्याच अंगठ्याला गुंडाळायला लागले. आईनं माझ्या हातावर चापट मारली, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"आधी पाय धू. मी रोज धुवूनच बसत होते. तुझी सहल आली तवाबी."