तिसऱ्या मजल्यावरचं पाताळ

खोटं कशाला सांगू, मला वाटलं सून सासूला मारून राहिली.

हसू नका, तुम्ही असता तर तुम्हालाबी तेच वाटलं असतं. विष्णुपुरीतल्या आमच्या बिल्डिंगीच्या भिंती अशा, की समोरच्या घरात कुणी उसासा टाकला तर माझ्या घरातली मांजर कान टवकारती. त्यात रविवारची दुपार. मी उपीट हलवून राहिले होते अन् समोरून म्हातारीचा आवाज, "मेले गं! अगं मारलं गं मला!" त्याच्यावर जवान बाईचा आवाज, "उठा आत्याबाई, चला, परत जा खाली!" आपला मजला तिसरा. खाली म्हणजे कुठं, अन् कशी पाठवून राहिली ही तिला?

गेले तशीच, हातात उलथनं. दार बडवलं. सुनेनं उघडलं. शिल्पा तिचं नाव, तिशीची, हसतमुख पोरगी. मी तिला बाजूला सारून आत बघते तर पलंगावर एक म्हातारी, उजवा पाय दोन उशांवर, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला अन् दोन्ही हातात काळा रिमोट. नजर टीव्हीवरच्या खेळावर. माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"कोण हाय? बसा वो. मी आत्ताच मेले, जरा दम खाते."

मी हसायला लागले ते थांबेचना. उलथन्याचं उपीट त्यांच्या नव्या चादरीवर. त्या दिवसापासून आमची दोस्ती. ती मला अक्का म्हणती, मी तिला कावेरीबाई म्हणते अन् कधीकधी मुद्दाम 'पाताळवाल्या बाई' म्हणते, मग ती उशी फेकून मारती.

आता ही कावेरीबाई कोण, ते सांगते. मुखेडच्या अलीकडं एका खेड्यात सहा एकर हाय तिचं. मालक गेल्यावर बारा वर्षं एकटीनं कसलं. सोयाबीन, तूर, हरभरा. लेक रविकांत इथं नांदेडला सरकारी हापिसात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई बांधावरून घसरली अन् मांडीचं हाड मोडलं. फोन घरी. तुरीच्या ओळीत दोन तास पडून होती, तेव्हा कुठं वाटेनं जाणाऱ्या एका बाईला दिसली. ऑपरेशन झालं, आत सळई घातली अन् मग रविकांतनं नि शेजारच्या कॉलेजातल्या दोन पोरांनी खुर्चीत बसवून तिला वर आणलं. लिफ्ट न्हाई आमच्याकडं. वर आणलं ते आणलं, खाली न्यायचं नाव न्हाई.

घर बारकं. दोन खोल्या अन् गॅलरी, गॅलरीला जाळी. बिल्डरनं सांगितलं होतं गॅलरीतून धरण दिसतंय. दिसती ती शेजारच्या बिल्डिंगीची पाण्याची टाकी अन् हॉस्टेलच्या पोरांच्या वाळत घातलेल्या बनियनी. रविकांत सकाळी जाणार, शिल्पा कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायला जाणार, दार ओढलं की कुलूप आपोआप. दोस्ती झाल्यावर एक किल्ली माझ्याकडं दिली. मी अकराला डबा गरम करून द्यायला जायचे तर बाई गॅलरीच्या तोंडाशी खुर्चीत. एकदा मला म्हणाली,

"अक्का, जाळीच्या चौकटी एकशे बारा हायत. दोन तुटल्यात."

"मग तिथनं पळून जा की," मी म्हणले.

ती हसली न्हाई. "कोंबडीला बी डालग्यातनं दिवसातून दोनदा सोडतेत," म्हणाली.

मला पुढं मस्करी सुचेना. अन् मला मस्करी सुचत न्हाई असं वर्षातून एकदा होतंय.

या चौकटी मोजताना शिल्पानं तिला माझ्या लई आधी बघितलं होतं. लातूरला हॉस्टेलात असल्यापासून शिल्पाला व्हिडिओ गेमचा नाद. लग्नात रुखवतात तो रिमोट लपवून आणला होता म्हणे. तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला अन् रिमोट सासूच्या हातात दिला.

खेळ ग्रीस देशाच्या देवांचा. दुसरा भाग हाय हा. पहिल्या भागात पाताळातून वर यायचं होतं म्हणे, यात खाली उतरायचं. एक पोरगी हाय, हातात काठी. खोलीमागून खोली. प्रत्येक खोलीत भुतं, राक्षस, त्यांना हाणायचं अन् पुढच्या दारात जायचं. दारावर खूण असती, आत कुठला देव भेटणार त्याची. देव काहीतरी वरदान देतो. कुणी वीज देतो, कुणी पाण्याची लाट देतो. अन् मेलं की झालं! पोरगी पुन्हा पहिल्या जागेवर, सगळी वरदानं गेली, पुन्हा पहिल्या खोलीपासून. दर वेळेस खोल्या बदललेल्या. मी म्हणले, हा कसला वो खेळ, हे तर माझं सैपाकघर झालं, रोज पहिल्यापासून.

कावेरीबाईला मात्र हा खेळ लागला. पहिले आठ दिवस पहिल्याच मजल्यावर मरायची. मग बोटं सरावली. बारा वर्षं विळा चालवलेला हात तो, रिमोटला काय भितो? पण एका जागेच्या पुढं जाईना. दुसऱ्या मजल्याच्या शेवटाला गेली की खलास.

कारण मला दिसत होतं, शिल्पाला दिसत होतं, फक्त बाईला दिसत नव्हतं. ही बाई एकाही देवाला न्हाई म्हणायची न्हाई.

"आत्याबाई, आधी वीज घेतली ना? मग वीजच वाढवा. थोडं हे थोडं ते घेतलं की कशातच जोर राहत नाही," शिल्पा समजावायची.

"अगं, पाण्याच्या देवाकडं अजून गेलेच न्हाई. त्याला काय वाटंल?"

"त्याला काही वाटत नाही, तो खेळातला आहे!"

"खेळातला असू दे, देव हाय ना? उगं कोपला बिपला म्हंजी?"

झालं! विजेच्या देवाकडून चिमूटभर, पाण्याच्या देवाकडून चिमूटभर, दारू पिणारा एक देव हाय त्याच्याकडूनबी डोळे मिटून चिमूटभर. सत्यनारायणाच्या प्रसादासारखी सगळ्यांकडून ओंजळ भरून आणायची अन् राक्षसानं एक फटका दिला की आडवी.

नोव्हेंबर सरता सरता डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, हाड जुळलं, काठी घेऊन हळूहळू जिना उतरायला हरकत न्हाई. बाईनं त्याच संध्याकाळी रविकांतला म्हणलं, "येळवशीला मला शेतात ने."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या लातूर-नांदेडकडं त्या दिवशी घरात कुणी ऱ्हात न्हाई. सगळे शेतात, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील प्यायची, शेंगाभाज्यांची भज्जी खायची, रानात आंबील शिंपडायची. कावेरीबाईचं लग्न झाल्यापासून एक येळवस चुकलेली न्हाई. मालक गेले त्या सालीबी ती आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन गेली होती.

"पुढच्या साली जाऊ," रविकांत म्हणला.

"डॉक्टर हाव म्हणला की रे."

"डॉक्टरनं तुला तुरीत पडलेलं बघितलं नव्हतं." मग म्हणला, "अन् मी रान दुसऱ्याला बटईनं कसायला द्यायचं म्हणून राहिलो. घराला कुलूप लावू. तू आता इथंच ऱ्हा, आई. काय कमी हाय इथं?"

मी वाटीभर लोणचं द्यायला गेले होते, दारातच उभी. बाईचा चेहरा मला दिसला. तिनं रिमोट उचलला अन् खेळातल्या पोरीला घेऊन खाली उतरली. पाच मिनिटांत मेली.

रविकांतला हसू आलं. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणला असंल बिचारा, "आई, तू आधी त्या पोरीला तर तळाला पोचव. ज्या दिवशी ती सुटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला मुखेडला नेतो, जा!"

"अक्का, ऐकलं?" बाई माझ्याकडं वळली.

"ऐकलं. लोणच्याची शपथ," मी म्हणले.

येळवस सोळा दिवसांवर. तो विसरून गेला, ती विसरली न्हाई. शिल्पा क्लासवर जाताना लॅपटॉप लावून जायला लागली. दिवसात सात सात, आठ आठ फेऱ्या. मी अकराला जायचे तर मेलेली, चारला चहा घेऊन जायचे तर मेलेली. बोटं सुजली. मी मोहरीचं तेल चोळून द्यायचे अन् वर बोलून घ्यायचे, "एवढी मेहनत केली असती तर दहावी झाला असता." पण आतून मला भ्या वाटायचं. कारण एकदा ती म्हणाली, "अक्का, ती पोरगी मरती अन् डोळे उघडले की पुन्हा तीच जागा. मी बी सकाळी डोळे उघडते तर वर तोच पंखा."

येळवशीला पाच दिवस उरले तेव्हाची गोष्ट. ती पुन्हा पाण्याच्या देवाच्या दाराकडं निघाली अन् माझं डोकं सटकलं.

"कावेरीबाई, तुमची कुळदेवी कोण?"

"माहूरची रेणुका. का वो?"

"माहूरला जाताना वाटेत किती देवळं लागतेत?"

"लई."

"समद्याला नारळ फोडता का?"

"येडी का काय तुम्ही? वाटेतल्याला हात जोडायचे. नारळ गडावर." एवढं बोलली अन् हात थांबला. टीव्हीवर एक भूत तिला बडवून राहिलं होतं, तिचं ध्यान न्हाई. "मग हितं मी समद्यालाच नारळ फोडून राहिले की, अक्का!"

"सहा हप्त्यांपासून," मी म्हणले.

मग देव निवडायचा कार्यक्रम. मला वाटलं शेतीची देवी घेईल, डोक्यावर ओंब्या असलेली एक हाय तिथं. "नगं," म्हणाली, "ती थंडी पाडती. हरभऱ्याला बरी, माझ्या गुडघ्याला न्हाई." तिनं धरली चुलीची देवी. तिची आग एकदम भडकत न्हाई, धरून ऱ्हाती, राक्षस हळूहळू जळतो. "बाभळीच्या लाकडावानी," बाई म्हणाली, "लावायची अन् दम धरायचा. हे मला येतंय." दुसऱ्या देवाची खूण दारावर दिसली की रिमोट मांडीवर ठेवून खरंच हात जोडायची, "बाबा, राग मानू नका," अन् दुसऱ्या दारानं जायची.

दुसरा मजला त्याच दिवशी पार झाला. मग तिसरा. मग चौथ्यावर दोन दिवस मेली.

येळवस शुक्रवारची. बुधवारी शिल्पा क्लासवरून लवकर आली, मी चहा घेऊन आले होते. बाई तळाला पोचली होती. तिथं एक म्हातारा, काळ म्हणतेत त्याला, हातात हा एवढा विळा. आम्ही दोघी पलंगाच्या कडेला. बाई त्याला बघून म्हणाली,

"विळा धरायची ही रीत न्हाई. ह्यानं जन्मात ज्वारी काढलेली न्हाई."

"आत्याबाई, बोलू नका, पळा!"

"पळते गं. जळू दे त्याला जरा."

चहा गार झाला. पोरीच्या जिवाची पट्टी एवढीच उरली, लाल दोऱ्यावानी. शिल्पानं माझा दंड असा धरला की वळ उठले. आग लावायची, बाजूला व्हायचं. लावायची, बाजूला व्हायचं. अन् म्हातारा पडला! शिल्पा पलंगावर चढून नाचली. मी रडले का हसले आठवत न्हाई. कावेरीबाई मात्र शांत. रिमोट बाजूला ठेवला अन् सुनेला म्हणाली, "माझी पिशवी भर."

साडेपाचला रविकांत आला. दारातच शिल्पानं सांगितलं. तो टीव्हीपाशी गेला, चष्मा वर केला. तवर खेळानं आपलं काम केलं होतं. गोष्ट थोडी पुढं सरकली अन् पोरगी पुन्हा आपल्या पहिल्या जागेवर येऊन उभी.

"ही तर हितंच हाय," रविकांत म्हणला. "सुटली कुठं?"

"तळाला जाऊन आली," बाई म्हणाली.

"मी म्हणलं होतं सुटली तर. ही सुटली न्हाई. पुन्हा तिथंच आली, म्हंजी गेलीच न्हाई."

"मुखेडची एसटी लातूरला जाती का?"

"जाती."

"अन् मुक्कामाला कुठं येती?"

"मुखेडला."

"मग ती लातूरला गेलीच न्हाई म्हण."

"ते येगळं, आई."

"काय येगळं? तू रोज सकाळी हापिसाला जातो, सांजच्याला हितंच येतो. उद्या तुझ्या सायबाला सांगते, रविकांत कधी हापिसात आलाच न्हाई, घरीच दिसतो मला."

शिल्पानं पदर तोंडात घातला. मी उघड हसले, माझं काय जातंय.

रविकांत पलंगावर बसला. मग खाली मान घालून म्हणला, "एसटी परत येती, आई. तू गेलीस की येणार न्हाईस. अन् पुन्हा एकटीच पडशील कुठंतरी."

बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "परत आलं म्हंजी गेलंच न्हाई, असं तूच म्हणून राहिला. मग येळवस करून परत आले म्हंजी तुझ्या हिशेबानं मी हितनं हाललेच न्हाई. भ्या कशाचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"उद्या हाफ डे टाकतो," तो शेवटी म्हणला. "पण जिना तू बसून उतरायचा. एकेक पायरी."

"उभ्यानं."

"बसून, आई."

"डॉक्टर काय म्हणला? काठी घेऊन म्हणला. बसल्यावर काठी काय पाठ खाजवायला घेऊ?"

"...बरं. उभ्यानं."