टेपची कोरी बाजू

सुशे, जवळ ये, कागदावरच का होईना. आधी रागावून घेते. आपल्या आईनं माझी टेप ऐकून काय म्हटलं, ते इतकी वर्षं पोटात ठेवलंस? आणि सांगितलंस कधी, तर मागच्या महिन्यात, पत्राच्या तळाशी, दोन ओळींत.

धुळ्याच्या स्टेशनावर चाळीसगावची गाडी सुटताना आईनं एवढंच विचारलं होतं, "जेवनी का व?" तिच्याच हातचं जेवून निघाले होते मी. जा म्हणवेना, राहा म्हणता येईना, मग सगळं त्या आपल्या अहिराणी 'व'मध्ये घातलं तिनं. शेटजींच्या कापडपेढीचं काम हाँगकाँगला, यांची तिथं कारकुनी, आणि यांच्या मागून बोटीत बसलेली मी.

तिथली भाषा म्हणजे शिक्षाच. घेणं न् विकणं जवळजवळ एकच शब्द; सूर शेवटी चढला तर घेणं, खाली सपाट राहिला तर विकणं. मी रागानं आवाज आपटला, की वांगी घ्यायला नव्हे, विकायला आलेय असं व्हायचं. भाजीवाल्या फोंगबाई पोट धरून हसायच्या. त्यांनीच शिकवलं. शब्दाचा सूर हलवायचा नाही, मनातलं घालायचं ते वाक्याच्या शेपटाला. 'ला' लावलं की आर्जव, 'लो' म्हणजे आता काय करणार, 'मे' म्हणजे खरं की काय. रोज सकाळी त्या विचारायच्या, "सिक चो फान मेई आ?" म्हणजे जेवलीस का ग. तो 'आ' काढून टाकला तर चौकीतली चौकशी. तो 'आ' ऐकला की मला धुळ्याचं, देवपूरचं आपलं दार दिसायचं.

परक्याचं शेपूट शिकायला मी दोन वर्षं घातली. आणि आईला टेपरेकॉर्डर पाठवला तेव्हा काय केलं? गल्ली ऐकायला जमणार, आपली अहिराणी ऐकून हसणार, म्हणून शुद्ध मराठीत आधी लिहून काढलं. यांनी तपासलं, वर म्हणाले, एवढ्या लांब पाठवायचं तर नीट तरी बोल. मग धडा वाचावा तसं वाचलं मी. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार, मी येथे सुखरूप आहे. कुठं 'व' नाही, 'माय' नाही.

दुसरी बाजू आईसाठी सोडली होती. टेप परत आली ती तशीच, कोरी. मला वाटलं, मी एवढ्या लांब गेले म्हणून म्हातारी अजून रुसलीय. मीही रुसले. त्या वर्षी यायचं होतं, आले नाही. पुढच्या वर्षी तार आली.

आणि आता तू लिहितेस, आई ऐकून म्हणाली होती, "हाई मनी पोर नही शे. दुसरीच बाई वाची ऱ्हायनी." परक्या बाईशी तिनं काय बोलावं?

आता आम्ही जळगावला परतलो. सूनबाई विचारते, "आपलं जेवण झालं का?" गुणी आहे, पण पोट भरत नाही. घर म्हणजे मला आता गाव नाही की दार नाही. 'जेवनी का व' विचारणारं माणूस असेल तिथं घर, आणि तशी तू एकटीच उरलीस.

म्हणून पत्रात 'सर्व खुशाल' लिहू नकोस. धुळ्याहून एसटीला बस, ये. टेप माझ्याकडेच आहे, कोरी बाजू तशीच आहे. दारात उभी राहून तेवढं विचार मला.

लवकर ये व.