मिठीचं माप

"मिठी मारा, साहेब! जोरात मारा, लाजताय काय!" जॅकेटवाला ओरडला आणि मी भर बाजारात त्याच्या प्लास्टिकच्या पुतळ्याला कवेत घेतलं. चामड्याचं जॅकेट पाठीत ताणतं का, हे म्हणे असंच बघतात. मी अंगात चढवलेलं जॅकेट जुन्या धाटणीचं होतं. खोटं सांगत नाही, कॉलर एवढी रुंद की तिच्या सावलीत लग्नाची पंगत बसावी, आणि पितळी चेन ओढली तर पलीकडच्या तालुक्यातली कुत्री भुंकावीत.

पाठीची शिवण करकरली. "एक साइज मोठं घ्या," म्हणत त्याने दुसरं काढलं. पण मला अंगातलं उतरवेना. अस्तर छातीला, बाह्या दंडांना बिलगल्या होत्या. बायको गेल्यापासून इतकं घट्ट मला कुणी धरलं नव्हतं. माणूस गेलं की आपल्या अंगाभोवती केवढी जागा मोकळी पडते. थंडीत ती आणखी वाढते आणि कुठलाही शिंपी ती आत घेऊन देत नाही.

पुतळ्याला सोडत मी हसत विचारलं, "आणि घरी मिठी मारायला कुणी नसेलच तर?"

त्याने मोठं जॅकेट परत खुंटीला अडकवलं.

"मग हेच बरोबर बसतं."